हरलेला डाव पुन्हा पाहण्याची विद्या

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या वसतिगृहातील मुले घरी जातात, तेव्हा भिगवण, बावडा, निमगाव केतकीपासून सुपे, पणदरेपर्यंतच्या घराघरांत एकच तक्रार ऐकू येते : मूल दिवसभर मोबाईलवर खेळत बसते. पालकसभेतही हा प्रश्न दरवर्षी उपस्थित होतो आणि त्यावर दोन उत्तरे ठरलेली असतात. एक पक्ष म्हणतो, मोबाईल काढून घ्या. दुसरा म्हणतो, आता जगच तसे झाले आहे, खेळू द्या. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही एक तिसरे मत मांडू इच्छितो. मूल किती वेळ खेळते हे तर पाहावेच. पण ते खेळातून शिकते कसे, याकडे शाळेने आणि पालकांनी अधिक लक्ष द्यावे. काही खेळांच्या आतच शिकण्याची उत्तम साधने दिलेली असतात. बहुतेक मुले त्यांना हातही लावत नाहीत. ती साधने वापरण्याची सवय लावणे हे शिक्षणाचेच काम आहे, असे आम्हांला वाटते.

हे मत मांडणारे आम्ही या शाळेच्या एकाच तुकडीचे पाच माजी विद्यार्थी आहोत. आमच्यापैकी एक जण बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो, एक जण उजनीच्या पाणलोटालगत ऊस आणि मका पिकवतो, एक जण इंदापूर तालुक्यात शिक्षिका आहे आणि दोघे पुण्यात संगणक क्षेत्रात आहेत. रविवारी रात्री आम्ही पाचही जण 'डोटा २' नावाचा सांघिक डावपेचांचा खेळ इंटरनेटवर एकत्र खेळतो. या लेखातील विवेचन बहुतांशी त्याच खेळाच्या आधारे केले आहे, कारण जे आपण नीट जाणतो त्यावरच मत द्यावे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. 'ऑनलाइन गेम' हा शब्द ऐकला की पालकांच्या डोळ्यांपुढे रमी, सट्टा आणि बुडालेले पैसे उभे राहतात. ही भीती निराधार नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी अनेक कुटुंबे कर्जात लोटली. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने असे खेळ चालविणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांचे आर्थिक व्यवहार हाताळणे यांवर बंदी घातली. मात्र त्याच कायद्याने कौशल्यावर आधारलेल्या ई-स्पोर्ट्सला वेगळे स्थान दिले. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने बहुक्रीडा स्पर्धांतील ई-स्पोर्ट्सचा विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोपविला होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅम येथे झालेल्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या डोटा २ संघाने कांस्यपदक मिळविले. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत हा खेळ पदकाच्या खेळांत समाविष्ट होता. म्हणजे जुगार आणि खेळ यांच्यातील रेषा आता कायद्यानेच आखून दिली आहे. पालकांनीही ती ओळखावी.

आपल्या चळवळीला ही रेषा नवी नाही. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पुढच्याच वर्षी सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. सोलापूर म्हणजे आपल्या इंदापूरच्या पलीकडचेच शहर. त्या सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालविले आणि त्याचबरोबर एक हॉकी क्लबही चालविला. वसतिगृह, वाचनालय आणि खेळाचे मैदान ही एकाच कामाची तीन अंगे आहेत, हे शंभर वर्षांपूर्वीच उमगले होते. हॉकीच्या मैदानाची जागा आज काही अंशी पडद्याने घेतली असेल, तर त्या पडद्यावरच्या खेळाचाही विचार तितक्याच गांभीर्याने झाला पाहिजे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. डोटा २ हा व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला, संगणकावर चालणारा विनामूल्य खेळ आहे. पाच विरुद्ध पाच असे दोन संघ असतात. पटाच्या दोन टोकांना दोन तळ, त्यांना जोडणाऱ्या तीन वाटा, मध्ये नदी आणि जंगल. प्रत्येक खेळाडू एक योद्धा निवडतो. असे सव्वाशेच्या आसपास योद्धे आहेत आणि प्रत्येकाची शक्ती निराळी. प्रतिस्पर्ध्याच्या तळातील मुख्य वास्तू पाडली की डाव जिंकला. डाव साधारण अर्ध्या ते पाऊण तासाचा, कधी त्याहून लांबतो. पैसे देऊन मिळते ती केवळ सजावट आणि काही जादा सोयी. योद्ध्याची ताकद विकत मिळत नाही.

खरी गंमत कामाच्या वाटणीत आहे. एकाने कमाई वाढवत शेवटच्या लढाईसाठी बळ साठवायचे, दुसऱ्याने मधली वाट धरायची, तिसऱ्याने पुढे घुसून मार झेलायचा आणि उरलेल्या दोघांनी स्वतःच्या वाट्याचे सोने सोडून इतरांना सांभाळायचे. हे दोघे पटावर ठिकठिकाणी टेहळणीचे खांब रोवतात, कारण पटाचा बराचसा भाग अंधारात असतो आणि शत्रू कोठे आहे हे त्या खांबांमुळेच दिसते. आपल्या मुलांना कबड्डी ठाऊक आहे. कोपऱ्यातला खेळाडू साथीदाराची वाट न पाहता चढाई करणाऱ्यावर झेपावला की साखळी तुटते आणि गुण जातो. डोटामध्ये हेच घडते. फक्त चूक घडणे आणि तिची किंमत मोजणे यांत दहा-पंधरा मिनिटांचे अंतर पडते. म्हणूनच चूक कोठे झाली हे खेळताना कळत नाही.

येथे आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. केवळ खेळत राहिल्याने खेळ सुधारत नाही. हजारो तास खेळूनही ज्या पायरीवर होते त्याच पायरीवर राहिलेले खेळाडू या खेळात पदोपदी भेटतात. ते रोज नवा डाव मांडतात आणि रोज तीच चूक करतात. हरले की साथीदाराला दोष देतात आणि लगेच पुढचा डाव सुरू करतात.

एप्रिल २०१९ हा महिना या दृष्टीने फार बोधप्रद आहे. त्या महिन्यात मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये 'ईएसएल वन मुंबई' ही डोटा २ ची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि या खेळाला जगभर किती प्रेक्षक आहेत हे महाराष्ट्राने प्रत्यक्ष पाहिले. त्याच महिन्याच्या १३ तारखेला अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे 'ओपनएआय फाइव्ह' या संगणकीय संघाने तेव्हाच्या विश्वविजेत्या 'ओजी' संघाला सलग दोन डावांत हरविले. त्यानंतर तो संघ काही दिवस सर्वांसाठी खुला ठेवण्यात आला. ७,२५७ डावांपैकी तो केवळ ४२ डाव हरला. हे यंत्र शिकले कसे? दहा महिन्यांच्या काळात ते स्वतःशीच सुमारे ४५,००० वर्षांचा खेळ खेळले. न थकता, न कंटाळता, असंख्य डाव.

आपल्या मुलाजवळ ४५,००० वर्षे नाहीत. वसतिगृहातील मुलाजवळ आठवड्याला दीड-दोन तास आहेत. यंत्राची वाट त्याने धरली तर दहावी, बारावी आणि डोळे हे तिन्ही जातील आणि खेळही हाती लागणार नाही. माणसाची वाट निराळी आहे. तो एका डावातून पुष्कळ काही शिकू शकतो, मात्र त्या डावाकडे थांबून पाहिले पाहिजे. खेळाच्या आत दिलेली साधने नेमकी यासाठीच आहेत.

ती साधने कोणती, हे क्रमाने सांगतो. पहिले साधन सरावाचे धडे. २०२१ मध्ये कंपनीने नवख्यांसाठी यात मोठी भर घातली. छोटे छोटे प्रसंग देऊन एकेक कौशल्य शिकविले जाते, अपरिचित शब्दांचा कोश खेळातच उघडतो, आरंभी मोजकेच योद्धे निवडायला मिळतात आणि माणसांऐवजी संगणकाने चालविलेल्या 'बॉट' खेळाडूंबरोबर सराव करता येतो. बॉट रागावत नाही, हसत नाही, घाई करीत नाही. भिडस्त मुलासाठी ही फार मोठी सोय आहे.

दुसरे साधन म्हणजे योद्ध्याची प्रयोगशाळा. एकच योद्धा घेऊन रिकाम्या पटावर उतरावे, हवी ती पातळी आणि हवे तितके सोने घ्यावे, समोर पुतळ्यासारखा शत्रू उभा करावा आणि कोणत्या शक्तीने किती हानी होते, कोणता क्रम लावला तर काय घडते हे स्वतः करून पाहावे. आपल्या विज्ञानाच्या तासाला जे प्रयोग बहुधा पुस्तकातच राहतात, तसा प्रयोग मूल येथे आपल्या हाताने दहा वेळा करते.

तिसरे साधन मार्गदर्शिका. अनुभवी खेळाडूंनी प्रत्येक योद्ध्यासाठी लिहून ठेवलेली सूचनावली पडद्याच्या कडेला दिसत राहते : आधी ही शक्ती वाढवा, मग ही वस्तू घ्या. खेळाडू तिला 'गाईड' म्हणतात आणि परीक्षेच्या गाईडला जे लागू पडते तेच हिलाही लागू पडते. आरंभी आधार म्हणून ती चांगली. पण समोरचा संघ बदलला, डाव उलटला, तरी जो गाईडमध्ये लिहिले तेच घेत राहतो, तो प्रश्न न वाचता पाठ केलेले उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यासारखा असतो. म्हणून आम्ही नव्या खेळाडूला सांगतो की गाईड वापर, पण प्रत्येक वस्तू घेताना 'ही का?' याचे एका वाक्यात उत्तर दे. उत्तर येत नसेल तर ती वस्तू तुझी नव्हे, गाईडची आहे.

चौथे साधन मृत्यूनंतरचा हिशेब. योद्धा पडला की काही सेकंद खेळाबाहेर राहतो. त्या वेळी कोणी, कोणत्या शक्तीने, किती हानी केली याचा तपशील पाहता येतो. बहुतेक मुले हा वेळ चिडण्यात घालवितात. तेवढ्या अवधीत आकडे वाचण्याची सवय लागली तर पुढच्या वेळी कोणापासून जपायचे हे कळते.

पाचवे आणि आमच्या मते सर्वांत मोलाचे साधन म्हणजे पूर्ण डावाची नोंद, 'रीप्ले'. खेळलेला डाव नंतर उतरवून घेता येतो. तो हळू करता येतो, थांबविता येतो, कोणत्याही खेळाडूच्या नजरेतून पाहता येतो. कोणत्या मिनिटाला कोणता संघ पुढे होता याचा आलेखही मिळतो. त्यात एक सोय विशेष आहे. सगळा पट उघडा ठेवून डाव पाहता येतो आणि फक्त आपल्या संघाला त्या क्षणी जेवढे दिसत होते तेवढेच दाखवूनही पाहता येतो. उघडा पट पाहताना प्रत्येक जण शहाणा असतो. शत्रू झाडीत दबा धरून बसलेला दिसतो आणि 'तिकडे गेलाच कशाला?' असे म्हणणे सोपे जाते. आपल्या बाजूचा अंधार ठेवून पाहिले, म्हणजे खरा प्रश्न समोर येतो : तेव्हा जेवढे दिसत होते, त्यावरून तो निर्णय बरोबर होता की नाही? दिसत नव्हते, तर टेहळणीचा खांब तेथे का नव्हता? एखाद्याच्या निर्णयाचा न्याय करताना त्या वेळी त्याच्या हाती कोणती माहिती होती हे तपासावे, हा विवेक मोठ्या माणसांतही विरळा आढळतो. तो येथे बोट दाखवून शिकविता येतो.

सहावे साधन प्रशिक्षकाचे. जाणता मित्र प्रशिक्षक म्हणून डावात सामील होऊ शकतो. तो स्वतः खेळत नाही. शिकणाऱ्याच्या पटावर खुणा करतो, रेघ ओढून वाट दाखवितो, त्याच्याशी बोलतो. माजी विद्यार्थ्याने पुण्यात बसून बारामतीतील मुलाला हात धरून शिकवावे, अशी ही सोय आहे.

आमच्या पाच जणांचा शिरस्ता असा आहे. रात्री एकच डाव खेळायचा. मग अर्धा तास त्याचा रीप्ले पाहायचा. सगळा पाहत नाही. आपल्या संघातील प्रत्येक मृत्यूच्या आधीची पंधरा-वीस सेकंदे तेवढी पाहतो. नियम एकच : ज्याचा योद्धा पडला त्याने आधी बोलायचे आणि स्वतःच्या चालीविषयीच बोलायचे. मग इतरांनी 'मी तेव्हा कोठे होतो' एवढेच सांगायचे. शेवटी पुढच्या आठवड्यासाठी एक वाक्य वहीत लिहायचे. 'टेहळणीचा खांब रोवायला एकट्याने जायचे नाही', हे आमच्या वहीतील असेच एक वाक्य. वरवर पाहता एका खेळाडूचा योद्धा पुनःपुन्हा पडत होता. रीप्ले पाहिल्यावर दिसले की इतर चौघे नेहमी पटाच्या दुसऱ्या बाजूला असत. दोघांनी मिळून जाण्याचा पायंडा पडल्यावर डावाचे रूपच बदलले. हा शोध खेळताना लागणे शक्य नव्हते.

आता वसतिगृहाच्या दृष्टीने एक व्यावहारिक मुद्दा. खेळ आणि वसतिगृहाचे वेळापत्रक यांचे जमत नाही, हे खरे आहे. डाव किती वेळ चालेल हे आधी सांगता येत नाही, आणि मध्येच उठून जाणाऱ्यास खेळाकडून दंड होतो व त्याचे चार साथीदार अडचणीत येतात. जेवणाची घंटा झाली तरी मूल उठत नाही, ते पुष्कळदा या कारणाने. पण वर सांगितलेली साधने पाहा. सरावाचे धडे, प्रयोगशाळा, बॉटबरोबरचा सराव, रीप्ले, यांपैकी प्रत्येक गोष्ट घंटा होताच थांबविता येते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करता येते. म्हणजे खेळाचा जो भाग मुलाला अधिक शिकवितो, तोच नेमका शिस्तीत बसणारा आहे. शाळेने याचा लाभ का घेऊ नये?

यावर आक्षेप येतील आणि त्यांतील काही योग्य आहेत. पहिला व्यसनाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर'चा समावेश आहे. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे, अशी त्याची लक्षणे आहेत. ज्या मुलात ती दिसतात त्याला रीप्लेची नव्हे, समुपदेशकाची गरज आहे. आमची सूचना इतर मुलांसाठी आहे.

दुसरा आक्षेप हिंसेचा. योद्धे एकमेकांना मारतात, असा खेळ आपल्यासारख्या विद्यालयात का असावा, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. आमचे उत्तर असे की लहान मुलांना हा खेळ देऊच नये. तो ज्या 'स्टीम' व्यवस्थेवर चालतो तिचे खाते तेरा वर्षांखालील मुलांना उघडताही येत नाही. ज्यांना हा खेळ नकोच, त्यांच्यासाठी बुद्धिबळ आहे. 'लीचेस' या संकेतस्थळावर बुद्धिबळ पूर्णतः विनामूल्य आणि जाहिरातींविना खेळता येते, संघ करून सामने लावता येतात आणि डाव संपताच कोठे चाल चुकली याचे विश्लेषण मिळते. जुन्या, मंद संगणकावरही ते चालते. २०२५ मध्ये महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकणारी दिव्या देशमुख आपल्या महाराष्ट्रातील नागपूरची आहे. खेळ कोणता हा दुय्यम प्रश्न; हरलेला डाव पुन्हा उघडून पाहण्याची सवय हा मुख्य प्रश्न.

तिसरा आक्षेप भाषेचा, आणि तो आम्हांला सर्वांत गंभीर वाटतो. अनोळखी लोकांबरोबर खेळताना शिवीगाळ होते. घरच्यांवरून, भाषेवरून, गावावरून आणि जातीवरूनही. या खेळात टोपणनाव घेता येते. कोणी आडनाव विचारत नाही, ही एक मोकळीक आहे. कौशल्य असेल तर समोरचा मानतो. पण आवाज ऐकू गेला, बोलीचा लहेजा कळला, की काहींची जीभ सुटते. अशा वेळी काय करायचे हे मुलांना आधीच शिकविले पाहिजे. समोरच्याचा आवाज बंद करण्याची आणि त्याची तक्रार करण्याची सोय खेळातच आहे, आणि खेळाडूच्या वर्तनाला गुणही दिले जातात. ही बटणेही शिकण्याच्या साधनांइतकीच महत्त्वाची आहेत. अपमान ऐकून घेणे हा खेळाचा भाग नाही, आणि उलट शिवी देणे हे त्याचे उत्तर नाही, या दोन्ही गोष्टी शिक्षकाने स्पष्ट शब्दांत सांगाव्यात. शाळेत तर आपापसांतच, खासगी लॉबी करून खेळावे; म्हणजे हा प्रश्न दारातच थांबतो.

या सगळ्याचा अभ्यासाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आपोआप जुळत नाही, हे आम्ही आधीच मान्य करतो. खेळात हुशार झालेले मूल गणितात हुशार होतेच असे नाही. तो पूल शिक्षकाला बांधावा लागतो. पण बांधण्याजोगी सामग्री तेथे आहे. तपासलेली उत्तरपत्रिका हाती आली की मूल गुण पाहते आणि ती दप्तरात कोंबते. उत्तरपत्रिका म्हणजे हरलेल्या डावाचा रीप्लेच होय. कोणत्या पायरीला गणित चुकले, प्रश्न वाचताना काय सुटले, कोणता धडा अंधारात राहिला, हे तिच्यात लिहिलेले असते. ज्या मुलाने खेळातील मृत्यूची पंधरा सेकंदे पुनःपुन्हा पाहिली आहेत, त्याला 'आता हीच नजर उत्तरपत्रिकेवर टाक' असे सांगता येते. त्याला ती भाषा समजते.

आपल्याच परिसरात याचे मोठे उदाहरण उभे आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू केला आहे. उपग्रहाची चित्रे, जमिनीतील ओलावा आणि हवामान यांची माहिती शेतकऱ्याच्या मोबाईलवर येते. कोठे पाणी जास्त झाले, कोठे खत कमी पडले हे पीक हातचे जाण्याआधी कळावे, हा त्याचा हेतू. परंतु तो नकाशा उघडून पाहणारा, कालच्या निर्णयाशी ताडून पाहणारा माणूस हवा. साधन फुकट मिळाले तरी पाहण्याची सवय फुकट मिळत नाही. आज ज्या मुलाला आपण मोबाईलवरून रागावतो, त्यालाच उद्या त्याच मोबाईलवर आपल्या शेताचा, यंत्राचा किंवा दुकानाचा हिशेब वाचायचा आहे.

आपल्या वसतिगृहातील पुष्कळ मुले घरातील पहिली शिकणारी पिढी आहेत. शहरातील सुस्थित मुलाचे गणित चुकले तर आई सांगते, वडील सांगतात, शिकवणीचे शिक्षक सांगतात. ऊसतोडीला गेलेल्या, कारखान्याच्या पाळीवर असलेल्या किंवा शेतमजुरी करणाऱ्या आईबापांच्या मुलाला 'तुझे येथे चुकले' असे सांगणारे घरी कोणी नसते. त्याला आपली चूक आपणच शोधावी लागते आणि ती शोधताना स्वतःला कमी न लेखण्याचे धैर्यही स्वतःच मिळवावे लागते. ही विद्या ज्याला आली, तो शाळा सुटल्यानंतरही शिकत राहतो. ती जर खेळाच्या वाटेने, आनंदाने येत असेल, तर ती वाट बंद करणे आपल्याला परवडणारे नाही.

म्हणून शाळेच्या व्यवस्थापनापुढे आमची नम्र सूचना पुढीलप्रमाणे आहे. नववीपासून पुढच्या, पालकांची लेखी संमती असलेल्या विद्यार्थ्यांसाठी रविवारी दुपारी संगणक कक्षात दीड तासाचा वर्ग ठेवावा. आठवड्याआड एकदा डाव आणि एकदा रीप्ले, असा क्रम असावा. डाव लांबला तर घंटेला तो सोडून देण्याची मुभा सर्वांना असावी, कारण आपापसांतल्या लॉबीत दंडाचा प्रश्न येत नाही. प्रत्येक मुलाजवळ वही असावी आणि वही लिहिल्याशिवाय पुढचा डाव नसावा. मुलींना मुलांइतक्याच पाळ्या मिळाव्यात. त्या मागून विचारतील म्हणून वाट पाहू नये, यादीच तशी करावी. अनोळखी लोकांशी संभाषण नसावे. खात्याला कोणाचेही बँक कार्ड जोडलेले नसावे. मैदानी खेळाच्या तासाला यामुळे धक्का लागू नये. संगणक जुने असतील तेथे बुद्धिबळापासून आरंभ करावा. आणि महिन्यातून एकदा त्याच वर्गात, त्याच पद्धतीने, घटक चाचणीची उत्तरपत्रिका उघडून बसावे.

केवळ सूचना करून आम्ही मोकळे होणार नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्हा पाच जणांपैकी एक जण शाळेत येऊन या वर्गाला बसेल आणि इतर जण दुरून प्रशिक्षक म्हणून सामील होतील. आमच्या कार्यालयांतून बदलले जाणारे चांगल्या स्थितीतील संगणक शाळेसाठी मिळविण्याचा प्रयत्नही आम्ही करू. इतर तुकड्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी यात सहभागी व्हावे, अशी विनंती आहे. ज्यांना हे मत पटत नाही त्यांनी माजी विद्यार्थी मेळाव्यात ते अवश्य बोलून दाखवावे. विरोधी मत ऐकण्यास आम्ही उत्सुक आहोत.

पालकांना मात्र आजपासूनच एक गोष्ट करता येईल आणि तिला संगणक लागत नाही, इंग्रजी लागत नाही. सुट्टीत मूल खेळत बसलेले दिसले, तर 'किती वेळ खेळतोस?' हा प्रश्न विचाराच. पण त्याला जोडून आणखी एक विचारा : 'मघाशी हरलास, तो डाव पुन्हा पाहिलास का? काय सापडले ते मला सांग.' पहिल्या दिवशी ते खांदे उडवील. चौथ्या-पाचव्या दिवशी ते सांगू लागेल. त्यातील शब्द आपल्याला कळले नाहीत तरी चालेल. आपली चूक कोणापुढे तरी न घाबरता मांडण्याची सवय त्याला लागेल, आणि पुढच्या पालकसभेला आपल्यालाही शिक्षकांशी बोलायला वेगळा विषय मिळेल.